वेगळ्या शाळा बंद करणारा राजा : राजर्षी शाहू छत्रपती



पोखर्णीच्या शाळेत आज आपल्या मुलाचे नाव घालायला आपण जातो, तेव्हा गुरुजी त्याला वर्गात इतर मुलांबरोबर बसवितात. हे आपल्याला अगदी साधे वाटते. परंतु एका रांगेत बसण्याचा हा हक्क आपल्या समाजाला सहजासहजी मिळालेला नाही. त्यासाठी जे झगडले, त्यांत एक राजाही होता. त्याचे चरित्र आपण प्रत्येकाने माहीत करून घेतले पाहिजे आणि घरात मुलांनाही सांगितले पाहिजे.

प्रथम त्या काळाची स्थिती ध्यानात घ्या. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारला दिसत होते, पण एका मुलासाठी बाकीच्यांची नाराजी कोण ओढवून घेणार, या विचाराने सरकारने हात झटकले. पुढे इंग्रजांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व कागदावर मान्य केले, पण व्यवहारात आपली मुले वर्गाबाहेर, ओसरीवर किंवा निराळ्या शाळेतच राहिली. खुद्द पूज्य बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. शिपायाने वरून पाणी ओतले तरच त्यांची तहान भागे.

अशा काळात 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. वयाच्या दहाव्या वर्षी, 17 मार्च 1884 रोजी, कोल्हापूरच्या गादीवर तो दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. राजकोटला व नंतर धारवाडला त्याचे शिक्षण झाले. ज्या गावात महाराच्या मुलाला शाळेचे दार बंद झाले होते, त्याच गावात हा राजपुत्र शिकला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. 2 एप्रिल 1894 रोजी राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली.

राजा झाला म्हणून जातीचा चटका चुकला नाही. पुरोहिताने महाराजांसाठी वेदमंत्र म्हणण्याचे नाकारले. राजालाही शूद्र ठरविणारा धर्म गावकुसाबाहेरच्या माणसाला काय वागवीत असेल, हे त्यांना कळून चुकले. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. पण नोकरीसाठी शिकलेला माणूस हवा, आणि शिकण्यासाठी शहरात राहण्याची सोय हवी. म्हणून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली. 1908 साली निघालेले मिस क्लार्क वसतिगृह आपल्या मुलांसाठी होते. 1917 साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला.

आता मुख्य गोष्टीकडे या. कोल्हापूर संस्थानात त्या वेळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा होत्या. अजिबात शाळा नसण्यापेक्षा वेगळी शाळा बरी, असे पुष्कळ सुधारकांना वाटे, आणि आरंभी त्या शाळांचा उपयोगही झाला. पण वेगळी शाळा मुलाला मुळाक्षरांबरोबर आणखी एक धडा शिकविते. तू इतरांसारखा नाहीस, हा तो धडा. आणि शेजारच्या शाळेतील सवर्ण मुलगा त्याच वेळी आपण श्रेष्ठ आहोत हे शिकतो. महाराजांनी हे ओळखले.

1919 च्या जानेवारीत त्यांनी शिक्षण खात्याला हुकूम दिला की, शाळेत अस्पृश्य मुलांना समतेने व ममतेने वागविले पाहिजे. दरबारची मदत घेणाऱ्या खाजगी शाळांनाही तो लागू केला. ज्या नोकराला हे पसंत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असेही बजावले. पुढे 30 सप्टेंबर 1919 रोजी दुसरा हुकूम निघाला. येत्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद कराव्यात, त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांप्रमाणेच घ्यावे, आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र बसवावे, असे त्यात होते.

बंधूंनो, या हुकुमाचे मोल कसे समजावे? अमेरिकेत काळ्या व गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या होत्या. सोयी सारख्या असल्या की वेगळेपणात अन्याय नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालय 1896 पासून मानीत आले. वेगळेपणातच विषमता आहे, हे त्या न्यायालयाने 1954 साली मान्य केले. कोल्हापूरच्या राजाने ते पस्तीस वर्षे आधी ओळखून अंमलात आणायला घेतले होते.

केवळ शाळेचा हुकूम काढून महाराज थांबले नाहीत. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला बापाचीच वेठ करावी लागली, तर शिक्षण काय कामाचे? म्हणून 1918 साली त्यांनी महार वतन रद्द केले, तलाठ्याच्या जागांवर आपली माणसे नेमली, काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजाच पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार!

1920 साली बाबासाहेबांनी मूकनायक काढले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत, हाच तुमचा खरा पुढारी, असे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. 6 मे 1922 रोजी मुंबईत, वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

महाराजांचा हुकूम कोल्हापूरपुरताच होता. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्यापर्यंत हा हक्क पोहोचला तो बाबासाहेबांनी घडविलेल्या संविधानामुळे. राजाचा हुकूम राजाबरोबर जाऊ शकतो, संविधानातील हक्क टिकतो. मराठवाड्यातील मुलांसाठी बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय उभे केले. आणि ज्या दसऱ्याला कोल्हापुरात वेगळ्या शाळांना कुलूप लागायचे होते, त्याच सणाच्या दिवशी 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला भगवान बुद्धाचा धम्म दिला. उपाली न्हाव्याला संघात सर्वांबरोबर आसन देणारा हा धम्म आहे.

तेव्हा आपले कर्तव्य काय? मुलगा असो की मुलगी, शाळा सुटू देऊ नका. नाव घातले म्हणजे काम झाले असे समजू नका. एखाद्या दिवशी शाळेत जा. आपले मूल कोठे बसते, दुपारच्या जेवणाच्या पंक्तीत ते सर्वांबरोबर आहे काय, पाण्याला हात लावताना कोणी त्याला अडविते काय, हे डोळ्यांनी पाहा. वेगळेपणा दिसला तर गप्प बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना जागा आहे, तेथे जाऊन बोला. धारवाडच्या त्या मुलाला एकट्याने अर्ज करावा लागला होता. तुमच्या मुलाला एकटे पडू देऊ नका.

जय भीम!