दोरीने समुद्र मोजणारा : जेम्स हॉर्सबर्ग

खानदेशातल्या माणसाला खोली कळते ती विहिरीची. विहीर किती परस, असे आपण विचारतो आणि पाण्यापर्यंत पोचणारा दोर हात पसरून वावेने मोजतो. हीच वाव, म्हणजे दोन्ही हात फाकवले असता होणारी सुमारे सहा फुटांची लांबी, समुद्रावरच्या खलाशांचेही माप होती. इंग्रज तिला फॅदम म्हणतात. मोटेचा नाडा मोजणारा आमच्याकडचा शेतकरी आणि चीनच्या समुद्रात शिशाचे वजन सोडणारा खलाशी एकाच मापाने मोजीत होते, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली आणि त्या कुतूहलापोटी मी जेम्स हॉर्सबर्गच्या चरित्रात शिरलो. समुद्र ज्याने लहानपणी पाहिला नाही अशा जळगावच्या मुलाने हे चरित्र लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहे खरा. पण हॉर्सबर्गचे उभे तारुण्य मुंबई-कलकत्ता-चीन या वाटेवर गेले, तेव्हा तो आपल्याला अगदीच परका नाही.

त्याचा जन्म १७६२ साली स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, ईली नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी झाला. घरची स्थिती बेताचीच. सोळाव्या वर्षी तो कोळसा वाहणाऱ्या जहाजावर चढला. १७८० मध्ये फ्रेंचांनी त्याचे जहाज पकडले व काही काळ डंकर्कच्या तुरुंगात काढावा लागला. सुटल्यावर वेस्ट इंडीजची एक सफर, आणि पुढे कलकत्ता. इथवरची हकीकत त्या काळच्या शेकडो खलाशांची असेल. हॉर्सबर्ग निराळा झाला तो ३० मे १७८६ च्या रात्री.

अॅटलास नावाच्या जहाजावर तो पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी होता. जहाज बटेव्हियाहून (आजच्या जाकार्ताहून) सिंहलद्वीपाकडे निघाले होते. जहाजावरच्या नकाशांत हिंदी महासागराच्या मधोमध आडी व कँडी अशी दोन बेटे दाखविलेली होती. कप्तानाचा बेत असा, की ती बेटे दृष्टीस पडली म्हणजे आपण कोठे आहोत ते नक्की कळेल व पुढचा हिशेब तेथून नव्याने मांडता येईल. अंतर व दिशा यांचे अंदाजी गणित करीत तो निश्चिंतपणे जात राहिला. परंतु अशी बेटे पृथ्वीच्या पाठीवर नव्हतीच! होते ते दिएगो गार्सिया हे प्रवाळबेट, आणि चागोसच्या या बेटांची मांडणी नकाशात साफ चुकलेली होती. बेटावर ढग आला होता म्हणून सुकाण्यावरच्या माणसाला ते दिसले नाही. पहाऱ्यावरचा अधिकारी झोपेत होता. पहिल्या लाटेसरशी डोलकाठ्या, सुकाणू आणि डेकवरचे सगळे वाहून गेले. दुसऱ्या लाटेने जहाज बाहेरच्या खडकांवरून उचलून किनाऱ्याकडे फेकले. भरती होती आणि जहाजात माल नव्हता, म्हणून माणसे वाचली.

या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नकाशात नसलेला खडक जहाज फोडतो, हे कोणालाही समजते. पण नकाशात असलेले आणि समुद्रात नसलेले बेटही जहाज फोडू शकते, हे हॉर्सबर्गने वयाच्या चोविसाव्या वर्षी अनुभवले. माझ्या मते त्याच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली येथे आहे.

तेथून तो मुंबईस आला आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या जहाजावर पुन्हा नोकरीस लागला. त्या काळी मुंबईहून चीनकडे जाणारा मुख्य माल म्हणजे कापूस. (कापूस म्हटला, की आपले कान टवकारतातच!) या फेऱ्यांत इतर अधिकारी खाजगी व्यापारात चार पैसे गाठीला बांधीत, हॉर्सबर्ग टिपणे बांधीत होता. मकासरची सामुद्रधुनी, फिलिपाइन्सची पश्चिम बाजू, डॅम्पियरच्या सामुद्रधुनीपासून बटेव्हियापर्यंतचा मार्ग, असे तीन नकाशे त्याने तयार केले. १७९६ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक अलेक्झांडर डालरिंपल याने ते कंपनीच्या जहाजांसाठी छापविले. १७९८ मध्ये हॉर्सबर्ग अॅना जहाजाचा कप्तान झाला. एप्रिल १८०२ पासून फेब्रुवारी १८०४ पर्यंत रात्रंदिवस दर चार तासांनी त्याने हवेच्या दाबाची नोंद ठेवली व उष्ण कटिबंधात हा दाब दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो हे दाखवून दिले. १८०६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

आता त्याच्या खऱ्या कामाकडे वळू. खोली मोजण्याची तेव्हाची रीत साधी होती. दोरीच्या टोकाला शिशाचे वजन, वजनाच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी. वजन तळाला टेकले की दोरीवरच्या खुणांवरून खोली कळे आणि चरबीला चिकटून आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे यांवरून तळाची जात कळे. पण या रीतीत दोष फार. प्रवाह जोराचा असला की दोरी तिरपी जाते आणि खोली आहे त्याहून अधिक भासते. शिवाय शिसे जेथे पडले तेवढ्याच जागेची खोली समजते. दोन टिपांच्या मध्ये एखादा सुळका पाण्याखाली उभा असला तरी त्याचा पत्ता लागत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण ही, की खोली बरोबर मोजली तरी ती जागा नेमकी कोणती? अक्षांश सूर्यावरून बऱ्यापैकी मिळे; रेखांश मात्र अचूक घड्याळाचा किंवा चंद्रावरून करावयाच्या किचकट गणिताचा आधार नसेल तर पुष्कळसा अंदाजावर चाले.

अशा शेकडो जहाजांच्या रोजनिशा कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पडून होत्या. १८०८ मध्ये डालरिंपल वारला आणि १८१० मध्ये त्याच्या जागी हॉर्सबर्गची नेमणूक झाली. तत्पूर्वीच, १८०९ पासून, त्याचा इंडिया डिरेक्टरी हा ग्रंथ बाहेर पडू लागला होता. कोकणचा किनाराही त्यात आहे. ही नोंद कोणी केली, कोणत्या साली, त्याच्याजवळ घड्याळ होते काय, दुसऱ्या जहाजाची नोंद तिच्याशी जुळते काय, अशी चौकशी करीत तो एकेक टिपण पारखून घेई.

हे वाचताना मला आपल्या धुळ्याचेच स्मरण झाले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळीत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात त्यांचा अंत झाला. कागद जुना म्हणून तो खरा असे नव्हे आणि जुना म्हणून टाकाऊ असेही नव्हे, ही दृष्टी राजवाड्यांची, हॉर्सबर्गचीही तीच. फरक इतकाच, की बनावट सनद खरी मानली तर वाद माजतात; खोटी खोली खरी मानली तर माणसे बुडतात.

पण मग संशयास्पद खडकाचे करावे काय? नकाशात ठेवला तर जहाजांना उगाच वळसा. पुसला आणि तो खरा निघाला तर जहाजच गेले. आणि आडी-कँडीसारखी बेटे ठेवली तर तीही घात करतात. या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक नोंदीच्या गळ्यात तिच्या विश्वासार्हतेची चिठ्ठी अडकवून ती पुढे द्यावी आणि पुढच्याने तेथे बेताने जाऊन पाहावे, एवढेच करता येते.

हॉर्सबर्गला केवळ साधुपुरुष ठरविण्याचा माझा हेतू नाही. त्याने सुरक्षित केलेल्या वाटेने कापसाबरोबर अफूही चीनला गेली आणि कंपनीची सत्ता बळकट झाली. उत्तम नकाशा वाटसरूचा हेतू विचारीत नाही.

आजच्या काळी या कामाला जुनाट समजण्याचे कारण नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर, काँग्सफ्योर्डच्या काठी भारताचे हिमाद्री हे संशोधनस्थानक २००८ मध्ये सुरू झाले. गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्याची व्यवस्था पाहते. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, दोन्ही बाजूंना उंच कडे असलेली चिंचोळी खाडी. तिच्या तोंडाशी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा पाण्याखाली उंबरठा असतो. तेथे खोली एकाएकी कमी होते. हिमनद्या मागे हटत असल्याने, काल जेथे बर्फ होते तेथे आज पाणी आहे आणि नकाशात ती जागा कोरी आहे. ध्वनिलहरींनी तळाचा रुंद पट्टा एका फेरीत मोजणारे यंत्र जहाजावर असते. परंतु ते यंत्र मुख्यतः जहाजाखालचा व बाजूचा तळ दाखविते, पुढचा नव्हे. म्हणून आधी जुन्या खोलींची टिपणे मांडून बसतात. कोठे उथळ असण्याचा संभव आहे, कोणत्या कडेने शिरावे, कोठे गती कमी करावी, हे त्यांवरून ठरते. मग मोजून झालेल्या पट्ट्याच्या काठाकाठाने, त्यावर थोडे चढून, जहाज पुढचा पट्टा घेते. म्हणजे जहाज शक्य तो ओळखीच्या पाण्यावरच राहते आणि यंत्र तेवढे अनोळखी पाण्यात डोकावते. शे-दीडशे वर्षांपूर्वी कोणी दोरी सोडून लिहिलेला आकडा तेथे कप्तानाच्या कामी येतो.

१४ मे १८३६ रोजी हॉर्सबर्ग मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ चीनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी जमविली आणि सिंगापूरजवळ पेद्रा ब्रांका या खडकावर १८५१ मध्ये त्याच्या नावाचा दीपस्तंभ उजळला. हा खडक सिंगापूरचा की मलेशियाचा, असा वाद पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला व २००८ मध्ये त्याचा निकाल सिंगापूरच्या बाजूने लागला. मला मात्र दीपस्तंभापेक्षा दुसरी एक नोंद अधिक मोलाची वाटते. हॉर्सबर्गच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८३७ मध्ये, मुंबईच्या आरमारातील रॉबर्ट मोर्सबी हा मालदीवचे सर्वेक्षण संपवून चागोस बेटांकडे गेला. दिएगो गार्सियाभोवती आणि त्याच्या पोटातल्या शांत पाण्यात त्याच्या माणसांनी शिसे सोडले, खोली मोजली आणि अॅटलास जेथे फुटले त्या बेटाचा नकाशा काढला.