फ्रँक गिलब्रेथ

फ्रँक बंकर गिलब्रेथ (७ जुलै, १८६८ : फेअरफील्ड, मेन, अमेरिका – १४ जून, १९२४ : माँटक्लेअर, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकन बांधकाम कंत्राटदार, व्यवस्थापनतज्ज्ञ आणि गती-अभ्यास या शास्त्राचे प्रवर्तक होते. गवंडीकामाच्या उमेदवारीपासून आयुष्याला सुरुवात करणाऱ्या गिलब्रेथ यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. तथापि कामाची पद्धत, वेळ आणि श्रम यांविषयी त्यांनी मांडलेले विचार पुढे बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणात अभ्यासले जाऊ लागले. त्यांच्या पत्नी लिलियन मोलर गिलब्रेथ या संशोधनात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या.

बालपण आणि उमेदवारी

गिलब्रेथ लहान असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. आई मार्था मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यात आल्या आणि बॉस्टनमध्ये खानावळवजा वसतिगृह चालवून त्यांनी संसार सांभाळला. शालेय शिक्षण संपल्यावर फ्रँक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाले. मात्र तेथे न जाता १८८५ साली त्यांनी बॉस्टनमधील एका बांधकाम व्यावसायिकाकडे गवंडी म्हणून उमेदवारी पत्करली.

वीट कशी रचावी हे त्यांना शिकवणारे गवंडी एकाच पद्धतीने शिकवत नसत. इतकेच नव्हे, तर एकच गवंडी सावकाश काम करताना, घाईत असताना आणि नवशिक्याला शिकवताना वेगवेगळ्या हालचाली करतो, हे गिलब्रेथ यांच्या लक्षात आले. यांपैकी योग्य पद्धत कोणती, हा प्रश्न त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ ठरला.

बांधकाम व्यवसाय

सुमारे दहा वर्षांत पर्यवेक्षकाच्या पदापर्यंत पोहोचल्यावर १८९५ साली गिलब्रेथ यांनी बॉस्टन येथे स्वतःचा बांधकाम व्यवसाय सुरू केला. ज्या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला नव्हता, तिच्याच लॉवेल प्रयोगशाळेची इमारत त्यांनी अवघ्या काही आठवड्यांत उभारली. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पुनर्बांधणीतही त्यांच्या कंपनीने कामे केली. प्रत्यक्ष खर्च आणि त्यावर आधीच ठरवलेली निश्चित रक्कम, अशा स्वरूपाचे करार ते करीत. खर्च वाढला तरी कंत्राटदाराचा नफा वाढत नसल्यामुळे काम उगाच महाग करण्याचे कारण उरत नसे.

कामाच्या जागेवरील नोंदी, साहित्य, हजेरी आणि देखरेख यांविषयीचे आपल्या कंपनीचे नियम त्यांनी १९०८ साली 'फील्ड सिस्टिम' या पुस्तकात प्रसिद्ध केले. त्यानंतर १९०९ साली 'ब्रिकलेइंग सिस्टिम' हे पुस्तक निघाले.

वीटकामाचा अभ्यास

त्या काळी विटांचा ढीग आणि चुना-वाळूचा माल गवंड्याच्या पायाशी ठेवलेला असे. प्रत्येक विटेसाठी गवंड्याला वाकावे लागे आणि संपूर्ण शरीराचा भार पुन्हा वर उचलावा लागे. चांगली बाजू शोधण्यासाठी तो वीट हातात फिरवून पाही आणि माल घट्ट असल्यास थापीने ठोकून वीट बसवी.

गिलब्रेथ यांनी भिंतीबरोबर वर चढवता येणारी परांची तयार केली. तिच्यावर विटा आणि माल गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहात. विटांची निवड मदतनीस मजूर आधीच करीत आणि चांगली बाजू वर ठेवून त्या लाकडी चौकटीत रचून देत. माल इतका मऊसर ठेवला जाई की वीट नुसत्या हाताच्या दाबाने बसे. या बदलांमुळे एका विटेमागील हालचाली १८ वरून ५ पर्यंत खाली आल्या. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात दिलेल्या माहितीनुसार, एका भिंतीच्या कामात प्रत्येक गवंड्यामागे ताशी १२० ऐवजी ३५० विटा रचल्या गेल्या.

लिलियन यांचे सहकार्य

१९ ऑक्टोबर, १९०४ रोजी गिलब्रेथ यांचा विवाह लिलियन मोलर यांच्याशी झाला. लिलियन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातून साहित्य विषयात पदव्युत्तर पदवी घेतली होती. विवाहानंतर त्या मानसशास्त्राकडे वळल्या आणि व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. मात्र विद्यापीठाच्या परिसरात राहण्याची अट पूर्ण न झाल्याने त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. हा प्रबंध १९१४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखिका स्त्री आहे हे कळू नये म्हणून त्यावर केवळ नावाची आद्याक्षरे छापण्यात आली. अखेर नवा प्रबंध लिहून त्यांनी १९१५ साली ब्राउन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

या दांपत्याला बारा अपत्ये झाली. त्यांपैकी एका मुलीचे बालपणीच घटसर्पाने निधन झाले. कुटुंबाच्या आठवणींवर दोन मुलांनी लिहिलेले 'चीपर बाय द डझन' हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले.

गती-अभ्यास

१९१२ च्या सुमारास गिलब्रेथ यांनी बांधकाम व्यवसाय सोडला आणि ते प्रॉव्हिडन्स येथे व्यवस्थापन सल्लागार म्हणून काम करू लागले. केवळ घड्याळ लावून काम मोजणे त्यांना अपुरे वाटे. काम करणाऱ्या व्यक्तीचे चलच्चित्रण करून, चित्रात सूक्ष्म वेळ दाखवणारे घड्याळ ठेवून ते प्रत्येक हालचाल तपासत. बोटांना लहान दिवे बांधून हातांचा मार्ग छायाचित्रात उमटवण्याची पद्धतही त्यांनी वापरली. शोधणे, उचलणे, नेणे, ठेवणे अशा मूलभूत क्रियांना त्यांनी स्वतःच्या आडनावाची अक्षरे जवळजवळ उलटी करून 'थर्ब्लिग' हे नाव दिले. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी स्वतः उपकरणे शोधण्याऐवजी परिचारिकेने ती हातात द्यावीत, ही सूचनाही त्यांनी केली. पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना काम करता यावे यासाठी कामाच्या पद्धती कशा बदलता येतील, याचाही या दांपत्याने अभ्यास केला.

टीका

गिलब्रेथ यांच्या पद्धतीने गवंड्याची पाठ वाचली, हे खरे. परंतु त्याच पद्धतीने त्याच्याकडून तिप्पट काम होऊ लागले. त्यामुळे रोजगार घटेल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब मालकाच्या कागदावर जाईल, अशी भीती कामगार संघटनांना वाटत होती. गवंड्यांनी या पद्धतीला विरोधही केला. वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला मिळावा, हा प्रश्न गिलब्रेथ दांपत्यालाही टाळता आला नाही. १९१६ च्या 'फटीग स्टडी' या पुस्तकात त्यांनी विश्रांतीची वेळ, योग्य खुर्ची आणि पुरेसा उजेड या बाबी व्यवस्थापनाची जबाबदारी म्हणून मांडल्या. तथापि वेतन आणि रोजगाराविषयीचा वाद त्यामुळे मिटला नाही.

मृत्यू आणि वारसा

१४ जून, १९२४ रोजी माँटक्लेअरच्या रेल्वे स्थानकावरून पत्नीशी दूरध्वनीवर बोलत असताना हृदयविकाराने गिलब्रेथ यांचे निधन झाले. लंडन आणि प्राग येथील परिषदांसाठी ते युरोपला जाणार होते. काही दिवसांतच लिलियन त्यांच्या जागी या परिषदांना गेल्या. स्त्री सल्लागार नको म्हणून अनेक कंपन्यांनी करार पुढे चालवले नाहीत. तेव्हा लिलियन यांनी राहत्या घरी व्यवस्थापकांसाठी गती-अभ्यासाचे वर्ग सुरू केले. १९३५ साली त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेला प्रक्रिया-आलेख आजही वापरात आहे. बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत उत्पादकता आणि कार्यपद्धतीचा अभ्यास शिकवताना वीटकामाचे त्यांचे उदाहरण दिले जाते.