दुष्काळी तापाचा जंतू टिपणारा चित्रकार डॉक्टर

सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाबाबत सावधगिरीचा इशारा दिला. शेजारच्या गुजरातेत या रोगाचे रुग्ण आढळले होते आणि गोचिडीमार्फत तो जनावरांकडून माणसांकडे येत असल्याने पशुपालक व मांसविक्रेत्यांना दक्षता घेण्यास सांगण्यात आले. पालघर, बोईसर-तारापूर भागात गोचीड कोणाला नवी नाही. परंतु गोठ्यातला हा किडा माणसाच्या जिवावर उठू शकतो, याची जाणीव तेव्हा अनेकांना झाली. काँगो तापाचे मूळ विषाणूत आहे. गोचीड मात्र जिवाणूही वाहून नेते. कोरड्या प्रदेशांत तिच्यामुळे होणारा उलटून येणारा ताप हा त्यांपैकीच एक. या जिवाणूच्या कुळातील एक जंतू मुंबईत १८७७ साली रुग्णांच्या रक्तात दिसला. तो पाहणारे डॉक्टर होते हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील चित्रकार होते, त्यामुळे रेषेवरील हुकमत घरातूनच लाभली. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांची गाठ शरीरशास्त्रज्ञ हेन्री ग्रे यांच्याशी पडली. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील ३६३ चित्रे कार्टर यांनी काढली होती. अवयवांची नावे चित्रातच छापण्याच्या पद्धतीमुळे ती विद्यार्थ्यांना सोपी वाटली. ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला, पण तो ओळखला गेला ग्रे यांच्याच नावाने. ग्रे यांना खपानुसार मानधन मिळत राहिले. कार्टर यांच्या वाट्याला एकरकमी १५० पौंड आले.

ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच कार्टर भारताकडे निघाले होते. १८५८ मध्ये ते मुंबईच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागले. पुढे सुमारे नऊ वर्षे त्यांनी साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काढली. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर त्यांनी १८७४ साली ग्रंथ लिहिला. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते नॉर्वेलाही जाऊन आले. ज्या रोगांकडे समाज पाठ फिरवीत असे, तेच त्यांच्या अभ्यासाचे विषय ठरले.

ते मुंबईस परतले त्या सुमारास दख्खनवर १८७६-७८ चा भीषण दुष्काळ कोसळला. घाटावरील गावे ओस पडू लागली आणि अन्नाच्या शोधात निघालेली माणसे मुंबईत येऊन दाटीवाटीने राहू लागली. त्यांच्यात एक विचित्र ताप पसरला. रुग्ण पाच-सात दिवस तापाने फणफणे, मग ताप एकाएकी उतरे, माणूस बरा झाला असे वाटे आणि आठवडाभरात ताप पुन्हा उलटे. उपासमारीने खंगलेल्या अनेकांना ही दुसरी झडप सोसत नसे.

बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी अशा रुग्णांच्या रक्तात मळसूत्री आकाराचे सूक्ष्म जंतू पाहिले होते व १८७३ मध्ये ते जाहीर केले होते. मुंबईचा ताप तोच आहे काय, हा प्रश्न होता. कार्टर यांनी रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि तेच वळवळणारे जंतू त्यांना दिसले. ताप चढलेला असताना ते रक्तात असत, ताप उतरला की दिसेनासे होत आणि ताप उलटला की पुन्हा प्रकट होत. रुग्णाच्या रक्ताने हा ताप माकडांत संक्रमित होतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले. १८८२ साली पश्चिम भारतातील या तापावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मात्र हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोडे त्यांच्या हयातीत सुटले नाही. भूक, अस्वच्छता आणि गर्दी यांचा संबंध दिसत होता. वाहक दिसत नव्हता. तो रुग्णाच्या अंगावरच्या कपड्यांच्या शिवणीत दडलेला होता. १९०७ मध्ये एफ. पी. मॅकी यांनी नाशिक येथील साथीत अंगावरच्या उवांकडे बोट दाखविले. त्याआधी १९०४-०५ च्या सुमारास आफ्रिकेत गोचीड याच प्रकारचा ताप पसरविते, हे सिद्ध झाले होते. मातीच्या कोरड्या जमिनीत, भिंतींच्या भेगांत राहणारी ही मऊ अंगाची गोचीड रात्री झोपलेल्या माणसाचे रक्त काही मिनिटे पिते आणि पुन्हा भेगेत शिरते. चावा बहुधा कळतही नाही. अन्नाशिवाय ती वर्षानुवर्षे तग धरते.

ताप का उलटतो, याचा उलगडा पुढच्या संशोधनातून झाला. शरीर जंतूला ओळखून मारू लागते तोच त्यातील काही जंतू आपले बाह्य आवरण बदलतात आणि शरीराच्या संरक्षक फळीला चकवतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून उवांमार्फत पसरणारा जंतू हा आफ्रिकेतील गोचिडीच्या जंतूचाच क्षीण झालेला वंशज असल्याचे दिसून आले. दुष्काळी मुंबईतला ताप आणि गोचिडीचा ताप यांचे नाते असे सव्वाशेहून अधिक वर्षांनी स्पष्ट झाले. हा ताप आता प्रतिजैविकांनी बरा होतो. अट एकच, तो वेळेत ओळखला गेला पाहिजे.

कार्टर १८८८ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे स्कारबरो येथे निधन झाले. मॅकी यांचे नाशिकचे संशोधन त्यानंतर दहा वर्षांनी आले. भारतातील या जंतूला पुढे काही काळ कार्टर यांचेच नाव दिले गेले. ज्यांच्या चित्रांवर दुसऱ्याचे नाव कोरले गेले, त्यांना ही दाद मिळाली ती दुष्काळग्रस्तांच्या रक्तात त्यांनी पाहिलेल्या जंतूमुळे.