मल्टिमीटरवरचे ओहम नेमके कोण? कुलूप बनवणाऱ्याच्या मुलाने शोधलेल्या नियमावर आजही चालते कॉम्प्युटरची दुरुस्ती

लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून तुम्ही तो दुरुस्तीला नेता. मेकॅनिक मागचे झाकण उघडतो, मल्टिमीटरचा काळा प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला टेकवतो आणि लाल प्रोब एकेका भागावर ठेवत जातो. मध्येच मीटर बीप वाजवतो आणि मेकॅनिकचा हात तिथेच थांबतो. बिघाड कुठे आहे याचा पहिला धागा त्याला मिळालेला असतो.

त्या मीटरच्या गोल बटणाजवळ घोड्याच्या नालेसारखे एक चिन्ह असते. ते ग्रीक अक्षर आहे ओमेगा, आणि ते उभे आहे एका माणसाच्या नावासाठी. जॉर्ज सायमन ओहम. शाळेच्या विज्ञानात ओहमचा नियम सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. पण हा नियम मांडणारा माणूस विद्यापीठातला बडा प्राध्यापक नव्हता. तो शाळेत शिकवणारा शिक्षक होता आणि नियम छापून आल्यानंतर त्याच्या वाट्याला आधी आली ती उपेक्षा. जाणून घेऊया ओहम यांची गोष्ट आणि तिचा तुमच्या लॅपटॉपशी असलेला संबंध.

वडील कुलूप बनवायचे, गणितही शिकवायचे

ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या बव्हेरियातील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान कुलूप बनवण्याचा व्यवसाय करत. त्यांचे रीतसर शिक्षण झाले नव्हते, पण गणित आणि विज्ञान त्यांनी स्वतःच्या बळावर शिकून घेतले होते. घरात सात मुले झाली, त्यातली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी जॉर्ज आणि धाकटा मार्टिन या दोघांना स्वतः गणित शिकवले. मार्टिनही पुढे गणितज्ञ झाला.

1805 मध्ये जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले. तिथे अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्स यातच त्यांचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि 1806 मध्ये मुलाची रवानगी स्वित्झर्लंडला झाली, एका शाळेत गणित शिकवायला. तिथे त्यांनी स्वतःचा अभ्यास सुरू ठेवला, 1811 मध्ये एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली. तरीही पगार पुरेल अशी विद्यापीठातली नोकरी काही मिळाली नाही. पुढची काही वर्षे बाम्बेर्गच्या शाळेत गेली.

कोलोनची प्रयोगशाळा आणि आठ तारा

1817 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची नोकरी लागली. या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. 1820 मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ चुंबकसूची हलते हे दाखवले आणि युरोपभर प्रयोगांची लाट आली. ओहमही त्यात उतरले. उपकरणे स्वतः जुळवण्याचे कसब त्यांच्याकडे होते, ते वडिलांच्या हाताखाली घरातच आलेले.

प्रश्न साधा होता. तार लांब केली की विजेचा प्रवाह नेमका किती कमी होतो?

अडचण होती बॅटरीची. त्या काळच्या व्होल्टा बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. पुरवठाच स्थिर नसेल तर मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा? पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबे व बिस्मथ या दोन धातूंचा जोड वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विजेचा दाबही कायम.

मग त्यांनी सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सगळ्यात छोटी 2 इंच, सगळ्यात मोठी 130 इंच. एकेक तार जोडायची, वर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते मोजायचे, आकडा लिहायचा. 1826 मध्ये या आकड्यांतून नियम समोर आला. विजेचा दाब वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि मार्गातला रोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढला की त्याच प्रमाणात घटतो. व्होल्टेज भागिले रोध बरोबर प्रवाह.

नियम बरोबर, तरी नोकरी गेली कशी?

ओहम यांनी अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि भावाकडे बर्लिनला जाऊन पुस्तक लिहिले. 1827 मध्ये ते प्रसिद्ध झाले. या कामावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती.

घडले उलटे. विजेला इतक्या कोरड्या गणितात बसवणे अनेकांना पटले नाही. काहींनी पुस्तकावर कडक टीका केली, बहुतेकांनी दुर्लक्ष केले. विद्यापीठातले बोलावणे आले नाही. 1828 मध्ये, 39 व्या वर्षी, ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये तात्पुरत्या शिकवण्या करण्यात गेली. 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये स्थिर नोकरी मिळाली.

दरम्यान जर्मनीत फेखनर आणि रशियात लेन्झ यांनी हा नियम आपापल्या प्रयोगांत वापरायला सुरुवात केली होती. टेलिग्राफ आला तेव्हा तर मैलोन्मैल लांब तारेतून किती प्रवाह पोहोचेल हे आधी मोजणे भागच होते. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ली पदक दिले. परदेशात मान मिळाला, मग मायदेशी. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते 1852 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी. दोनच वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी, त्यांचे निधन झाले.

1881 मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले.

मल्टिमीटरच्या आत ओहम काय करतात?

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजायला पूर्वी वेगवेगळी यंत्रे लागत. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांनी ती तिन्ही एकाच पेटीत आणली. अव्होमीटर नावाचे हे यंत्र 1923 मध्ये बाजारात आले. आजचा डिजिटल मल्टिमीटर त्याच घराण्यातला.

ओहमवर ठेवलेला मीटर स्वतःच्या बॅटरीतून अगदी थोडा प्रवाह समोरच्या भागातून सोडतो आणि त्यावर किती व्होल्टेज पडते ते बघतो. उरते ते भागाकाराचे काम. म्हणूनच ओहम मोजताना मशीन बंद आणि बॅटरी काढलेली हवी. बाहेरची वीज मध्ये आली की आकडा चुकतो, मीटरही बिघडू शकतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीत हा नियम कुठे कुठे?

* शॉर्ट शोधणे: बोर्डावरचा एखादा छोटा कपॅसिटर आतून शॉर्ट झाला की ती लाइन आणि ग्राउंड यांमधला रोध जवळपास शून्यावर येतो. मात्र प्रोसेसरच्या मुख्य लाइनवर मुळातच फार कमी ओहम दिसतात. त्यामुळे जाणकार मेकॅनिक चांगल्या बोर्डाचे रीडिंग शेजारी ठेवून मगच निर्णय देतो.

* मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा: अंगावरची स्थिर वीज चिपला मारू नये म्हणून हा पट्टा घालतात. त्याच्या वायरमध्ये साधारण 10 लाख ओहमचा रेझिस्टर असतो. स्थिर वीज त्यातून सावकाश जमिनीत जाते. चुकून 230 व्होल्टला स्पर्श झालाच, तर 230 भागिले 10 लाख, म्हणजे पट्ट्याच्या वाटेने जाणारा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. तरी पट्टा घातला म्हणून चालू पॉवर सप्लाय उघडणे धोक्याचेच.

* चार्जिंगची केबल: तार जितकी लांब आणि बारीक तितका रोध जास्त. समजा तुमच्या स्वस्त केबलचा जाऊन-येऊन रोध अर्धा ओहम आहे आणि फोन 2 अँपिअर मागतो. मग 5 व्होल्टपैकी 1 व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो आणि फोनला 4 उरतात. फोन सावकाश चार्ज होतो, दोष मात्र बॅटरीला दिला जातो. कोलोनच्या आठ तारांचा प्रयोग तुमच्या उशाशी रोज रात्री चालू असतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो किंवा तालुक्याच्या गावातले दुकान, बोर्ड गेलाय, बदलावा लागेल हे वाक्य कानावर येतेच. कधी ते खरे असते. कधी बिघाड एका छोट्या कपॅसिटरचा असतो आणि खर्चातला फरक हजारो रुपयांचा.

अशा वेळी एक प्रश्न जरूर विचारा. कोणत्या लाइनवर रीडिंग घेतले आणि आकडा किती आला? मोजून बघणारा मेकॅनिक लगेच उत्तर देईल, बहुतेक वेळा मीटर लावून दाखवेलही. ज्याने मीटर हातात न घेताच निदान केले असेल, त्याच्याकडे बोर्ड बदलण्याआधी दुसऱ्या दुकानात एकदा मोजून घेतलेले बरे.