प्रेषित संत बार्थोलोम्यू : शंकेपासून साक्षीपर्यंत



दरवर्षी २४ ऑगस्टला ख्रिस्तसभा प्रेषित संत बार्थोलोम्यू यांचा सण साजरा करते. बारा प्रेषितांची नावे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. पण पेत्र, योहान, थोमा यांच्याविषयी आपण जितके बोलतो तितके या संताविषयी बोलत नाही. आपल्या महाराष्ट्राशी मात्र त्यांचे नाव जुन्या परंपरेने जोडलेले आहे.

बार्थोलोम्यू म्हणजे तोलमयचा मुलगा. योहानाच्या शुभवर्तमानातील नथनेल ते हेच, असे फार पूर्वीपासून मानले जाते. ते गालीलातील काना गावचे. फिलिपने येऊन येशूविषयी सांगितले, तेव्हा त्यांचे पहिले उत्तर शंकेचे होते. नासरेथसारख्या गावातून काही चांगले निघेल, हे त्यांना पटेना. फिलिपने वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच सुचवले. नथनेल गेले. प्रभू त्यांच्या शंकेवर रागावला नाही, उलट त्यांच्या निष्कपट मनाची त्याने स्तुती केली. अंजिराच्या झाडाखाली ते एकटे असताना आपण त्यांना पाहिले होते, हेही त्याने सांगितले. तेव्हा नथनेल यांनी त्याला देवाचा पुत्र म्हणून ओळखले.

प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर माडीवरच्या खोलीत पवित्र मरियेबरोबर प्रार्थना करणाऱ्यांत बार्थोलोम्यू होते. त्या पहिल्या ख्रिस्तसभेकडे ना चर्चच्या इमारती होत्या, ना शाळा, ना दवाखाने. प्रेषितांची शिकवण, एकमेकांची संगत, भाकर मोडणे आणि प्रार्थना, या चार गोष्टींवर ती उभी होती. श्रद्धाळूंची घरे हीच तिची मंदिरे होती.

पुढची हकिकत चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस यांनी नोंदवली आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आलेक्झांड्रियाचे गुरू पँटेनस भारतात आले. तेथील ख्रिस्ती लोकांजवळ हिब्रू अक्षरांतले मत्तयचे शुभवर्तमान होते आणि ते बार्थोलोम्यू यांनी मागे ठेवलेले होते, असे त्यांना कळले. हा भारत नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण अरबस्तान किंवा इथिओपिया सुचवतात, तर काही कोकणातील कल्याण बंदराकडे बोट दाखवतात. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस यांनी कल्याना येथे इराणहून नेमलेले बिशप असल्याचे लिहिले आहे. हे आपले कल्याणच असावे, असे पुष्कळांचे मत आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन मिशनरी ठाण्याला आले आणि तेथेच त्यांना हौतात्म्य लाभले; त्यांना आसरा दिला होता तो तेथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांनी. आमचा नागपूर धर्मप्रांत १८८७ सालचा. त्या मानाने महाराष्ट्रातील ख्रिस्ती श्रद्धेची मुळे किती खोल आहेत!

बार्थोलोम्यू यांचा शेवट आर्मेनियात झाला, असे परंपरा सांगते. जिवंतपणी अंगाची कातडी सोलून त्यांना मारण्यात आले. ज्यांनी आधी शंका घेतली, त्यांनीच पुढे प्राण देऊन साक्ष दिली.

या जीवनाकडे पाहताना आम्हांला स्वतःची लाज वाटते. आपल्या धर्मग्रामात मराठी, मल्याळी, तमिळ, गोवेकर, छोटानागपूरचे आदिवासी, असे सारे एका वेदीभोवती जमतात. तरीही मिस्सा संपल्यावर कोण कुठल्या भागातला, कुठल्या वस्तीतला, हे आपण मनात मोजतोच. नथनेल यांचीही चूक हीच होती. पण ते उठले, जाऊन पाहून आले आणि बदलले. आपण शेजारच्या बाकावरील कुटुंबाच्या घरी कधी गेलो का?

दुसरी गोष्ट घरातल्या बायबलची. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, परदेशी जातात. त्यांच्या बॅगेत लोणचे, चिवडा आपण आठवणीने भरतो. शुभवर्तमान भरतो का? पँटेनस यांना जे सापडले ते कोणीतरी वर्षानुवर्षे जपले होते, म्हणूनच सापडले. ते जपणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही.

या आठवड्यात एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवू या. सगळे मिळून योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचू या आणि वाचण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला देऊ या. संत बार्थोलोम्यू आपल्या कुटुंबांसाठी प्रभूजवळ विनंती करोत.