मळ्यावरचे बालक : फादर ऑगस्टस टोल्टन

ज्या १८८६ साली आपला पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, त्याच साली रोमनगरीत ऑगस्टस टोल्टन या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणास गुरुदीक्षा मिळाली. जुबिलीच्या या प्रसंगी त्यांचे चरित्र, विशेषतः त्यांचे बालपण, वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १ एप्रिल १८५४ रोजी मिसुरी प्रांतात ब्रश क्रीक येथील एका मळ्यावर झाला. मालक स्टीफन इलियट कॅथोलिक. बालकाचे आईबाप मार्था व पीटर हेही कॅथोलिक, परंतु गुलाम. २९ मे रोजी बाप्तिस्मा झाला, तेव्हा मालकीणबाई स्वतः धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या. त्याच नोंदीत हे बालक इलियट यांची मालमत्ता असल्याचेही लिहिले आहे. बाप्तिस्म्याची वही आम्हीही ठेवतो. तीत असे शब्द लिहिण्याची कल्पनाही करवत नाही. पण ते लिहिणारा हात आमच्यासारख्याच एखाद्या धर्मगुरूचा असणार, हे विसरताही येत नाही.

१८६१ साली उत्तर व दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध पेटले. मिसुरीची स्थिती मोठी विलक्षण. प्रांत उत्तरेच्या बाजूस राहिला, तरी तेथील गुलामगिरी १८६५ च्या जानेवारीपर्यंत सुटली नाही. लिंकन यांचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा त्या प्रांतास लागूच नव्हता. शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखी. पीटर उत्तरेच्या सैन्यात जाण्यास म्हणून निघून गेला, तो परतला नाही. १८६२ साली मार्थाने तीन लेकरांसह मळा सोडला. कुटुंबात चालत आलेली हकीकत अशी, की हॅनिबल गावी पकडू पाहणाऱ्यांच्या हातून उत्तरेच्या शिपायांनी तिला सोडविले व एका जुन्या होडीत बसवून दिले. मिसिसिपी नदी आपल्या भीमेसारखी उन्हाळ्यात आटणारी नव्हे. त्या माउलीने स्वतः वल्ही मारून होडी पैलतीरी नेली. ऑगस्टस तेव्हा आठ वर्षांचा होता.

क्विन्सी शहरात मायलेकरे तंबाखूच्या कारखान्यात कामास लागली. विडी कामगारांच्या या सोलापुरात त्या कामाविषयी अधिक काय सांगावे? थोरला भाऊ चार्ल्स लवकरच वारला. ऑगस्टसचे नाव कॅथोलिक शाळेत घातले, तर गोऱ्या पालकांनी असा गहजब केला की त्यास शाळा सोडावी लागली. पंक्तिप्रपंच ठाऊक असलेल्या आम्हां लोकांस याचे फार नवल वाटू नये. पुढे फादर मॅकगर यांनी कोणाचीही भीड न धरता त्यास आपल्या शाळेत बसविले. अमेरिकेतील एकही सेमिनरी त्यास घेईना, म्हणून १८८० साली तो रोमला गेला.

दीक्षेनंतर आफ्रिकेत जावे लागेल अशी त्यांची समजूत होती. पाठवणी झाली ती अमेरिकेतच. क्विन्सीत त्यांच्या मिस्सेला गोरेही येऊ लागले, हे तेथील एका धर्मबंधूस खपले नाही. १८८९ साली ते शिकागोस गेले व तेथे गरीब कृष्णवर्णीयांसाठी संत मोनिकेचे मंदिर उभारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्यांस पूजनीय म्हणून घोषित केले.

९ जुलै १८९७ रोजी, उष्म्याच्या लाटेत रस्त्यावर कोसळून, वयाच्या ४३ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार देह क्विन्सीस नेऊन पुरला. होडी वल्हविणारी आई तेव्हा हयात होती.