डार्विनला हवा होता एक मामा

मेडिकल अर्ध्यात सोडलेला, दिवसभर किडे गोळा करत हिंडणारा मुलगा तुमच्या घरात असता तर? इंग्लंडमध्ये श्रूसबरीच्या डॉ. रॉबर्ट डार्विन यांच्या घरी असाच एक होता. नाव चार्ल्स.

१८१७मध्ये आई गेली, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मोठ्या बहिणींनी त्याला सांभाळलं. वडील नावाजलेले डॉक्टर, घरात दराराही तसाच. १८२५मध्ये त्यांनी त्याला एडिनबराला मेडिकलला घातलं. पण चार्ल्स हळवा. तेव्हा भूल देत नसत. एका लहान मुलाचं ऑपरेशन बघवेना, म्हणून तो मधूनच निघून गेला. मग धर्मगुरू होण्यासाठी केंब्रिज.

१८३१मध्ये ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाची संधी आली. वय २२. वडील नको म्हणाले. चार्ल्सने आदळआपट केली नाही, मुकाट्याने नकार कळवला. पण वडिलांनी एक फट ठेवली होती: एखादा समंजस माणूस जा म्हणाला, तर परवानगी देईन. असा माणूस घरातच निघाला, मामा जोसाया वेजवुड. चार्ल्सने वडिलांचे आठ आक्षेप कागदावर लिहून काढले. मामांनी एकेकाला शांतपणे उत्तर दिलं आणि भाच्याला घेऊन थेट श्रूसबरी गाठलं. वडिलांनी शब्द पाळला. खर्चही उचलला.

झालं, आता सगळं छान? नाही. प्लिमथला जहाज सुटायची वाट बघताना तो खचला. छातीत धडधडायचं, हृदयविकाराची भीती वाटायची. तरी डॉक्टरकडे गेला नाही. त्यांनी जाऊ नको म्हटलं तर? २७ डिसेंबरला जहाज सुटलं. जवळपास पाच वर्षांच्या प्रवासात त्याला बोट लागायची, पण तो टिकला. १८५९मध्ये त्याचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. दुखणी मात्र पुढेही आयुष्यभर सोबत राहिली.

म्हणजे बघा, हळवा स्वभाव काही बदलला नाही. तो घेऊनच चार्ल्स निघाला. फरक पाडला तो ऐकून घेणाऱ्या एका माणसाने आणि शब्द फिरवणं मोठेपणाला कमी मानणाऱ्या नव्हे, तर मत बदलू शकणाऱ्या वडिलांनी.

तुमच्याही घरी करिअरवरून वाजत असेल, तर घरच्यांचे आक्षेप लिहून काढा आणि आपला मामा शोधा. मावशी, काका, सरही चालतील. फक्त ती धडधड लपवण्याचं तेवढं चार्ल्सकडून घेऊ नका. टेन्शन अंगावर येत असेल, तर डॉक्टरांशी, कॉलेजच्या समुपदेशकांशी वेळीच बोला.